पिशवी हातातली, पण हात किती वेळ?

ताई, नमस्कार. मी सातारची, वय 64. गेल्या डिसेंबरात नागपूरला भाचीचं लग्न आटोपून विमानाने पुण्याला परतले. चाकाच्या छोट्या बॅगेत रुमालात गुंडाळलेल्या दोन पाटल्या होत्या, साडेतीन तोळ्यांच्या. विमानाच्या दारात एका मुलाने ‘वर जागा नाही मॅडम, बॅग खाली टाकतो’ म्हणून ती घेतली आणि चिठ्ठी बांधली. पुण्यात पट्ट्यावर बॅग मिळाली. दुसऱ्या दिवशी उघडली तर रुमाल होता, पाटल्या नव्हत्या. कुलूप जसंच्या तसं. मुलगा म्हणतो, ‘आई, कुलूप शाबूत आहे म्हणजे तूच नागपुरात विसरलीस.’ आता मलाही तसंच वाटायला लागलंय. येत्या ऑक्टोबरात सुनेच्या डोहाळजेवणासाठी पुणे-दिल्ली-न्यूअर्क असं एकटीने जायचंय. सासूबाईंचे तोडे सुनेला द्यायचेत. ते हातातल्या बॅगेत ठेवू की मोठ्या बॅगेत? व्हीलचेअर सांगितली आहे. शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलासाठी एक डबा दिलाय, तोही न्यायचाय. काय काळजी घेऊ?
एक वाचक, सातारा

ताई,

तोड्यांचं नंतर बोलू, आधी पाटल्यांचं. तुमच्या पत्रातली सगळ्यात बोचरी गोष्ट पाटल्या गेल्या ही नाहीच. तुमचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास गेलाय, ते मला जास्त लागलं. म्हणून मुलाला समोर बसवा आणि एक प्रयोग करून दाखवा. माळ्यावरची जुनी चेनची बॅग काढा. चेनच्या दोन्ही रनरना मिळून एक कुलूप घाला, किल्ली खिशात टाका. मग साधा बॉलपेन घ्या आणि त्याचं टोक चेनच्या दातांच्या मधोमध दाबून घुसवा. थोडा जोर लागतो, मग ‘टर्र’ होऊन चेन फाकते. बोटं घालून ती वीतभर उघडा, आत हात घाला, हवं ते काढा. आता कुलपासकट दोन्ही रनर एकत्र धरून त्या फाकलेल्या भागावरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवा. चेन पुन्हा मिटते. कुलूप लागलेलंच, बॅग कोरी. सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

मी मुंबई विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढली. हा प्रकार मला पहिल्यांदा आमच्याच एका जुन्या लोडरने दाखवला होता, हसत हसत, चहा पिताना. त्या दिवसापासून कुलूप शाबूत आहे म्हणून सामान शाबूत आहे असं मी कधी समजले नाही. तुमच्या पाटल्या चोरीलाच गेल्या असं मी साताऱ्यापासून इतक्या लांब बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘कुलूप होतं, म्हणजे तूच विसरलीस’ हा मुलाचा हिशेब चुकलेला आहे, एवढं नक्की.

यावर उतारा अगदी साधा आहे आणि कुलपापेक्षा स्वस्त. इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लॅस्टिकचे केबल टाय मिळतात, त्यातले रंगीत घ्या. दोन्ही रनर एकमेकांना बांधून भागत नाही, ती जोडी बॅगेच्या हँडलला किंवा अंगच्या कडीला आवळून बांधायची. कारण चोराला चेन फाकवता आली तरी ती पुन्हा मिटवायला रनर फिरवावे लागतात, आणि बांधलेले रनर फिरत नाहीत. मग चेन उघडीच राहते नाहीतर टाय कापलेला दिसतो. चोरी थांबेलच असं नाही, पण ती घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी न कळता पट्ट्याशेजारी उभं असतानाच कळते. सगळा फरक तिथे पडतो. टाय कापायला कात्री लागते आणि कात्री विमानात नेता येत नाही, अशी शंका तुम्ही काढालच. पण टाय शाबूत असेल तर उघडायची गरजच काय? कापलेला असेल तर कात्रीही नको.

आता तुमच्या हातातून नेमकं काय निसटलं ते सांगते. ती बॅग दारात घेऊन त्या मुलाने चिठ्ठी बांधली त्या क्षणी ती हातातली राहिली नाही, चेक-इनची झाली. कायद्याच्या नजरेतही. 1999 च्या माँट्रियल कराराप्रमाणे, जो भारताने 2009 मध्ये स्वीकारला, चेक-इनचं सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवलं किंवा त्याचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार असते. हातातल्या सामानाला मात्र कंपनी तेव्हाच जबाबदार, जेव्हा चूक तिची किंवा तिच्या माणसांची होती असं दाखवता येईल. हा करार आंतरराष्ट्रीय प्रवासाचा, म्हणजे तुमच्या ऑक्टोबरच्या प्रवासाला लागू. त्यात भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत धरलं तर पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास. आजच्या सोन्याच्या भावात यात काय येतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यातून कंपन्यांच्या अटींमध्ये ‘दागिने, रोख, मौल्यवान वस्तू चेक-इनमध्ये ठेवू नका, ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही’ असं बारीक अक्षरात असतंच. म्हणून ‘तोडे मोठ्या बॅगेत ठेवू का’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: नाही.

आणखी एक. पट्ट्यावरून आलेल्या बॅगेतून काही गेलं असेल तर विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून द्यायची आणि तिचा कागद हातात घ्यायचा. काउंटरच्या भाषेत त्याला ‘पीआयआर’ म्हणतात. नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांच्या आत झाली पाहिजे असं करार सांगतो. बॅगेतून थोडंसंच गेलं, बॅग तर मिळाली, मग हे नुकसान की हरवणं, असा वाद ब्रिटनमध्ये एकदा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. रोमहून परतलेल्या एका प्रवाशाच्या सुटकेसमधून कपड्यासारख्या किरकोळ वस्तू गेल्या होत्या. 1980 मध्ये निकाल लागला की हे नुकसानच, आणि वेळेत कळवलं नाही म्हणून भरपाई नाही. तोही बिचारा घरी जाऊन बॅग उघडली तेव्हाच शहाणा झाला होता.

तुमचा नागपूर-पुणे प्रवास देशातला, पण तिथेही हीच मुदत धरली तरी तुमचे 7 दिवस केव्हाच उलटले. कंपनीकडून काही मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. पोलिसांत मात्र अजूनही देता येतं, आणि त्यासाठी पुण्याला किंवा नागपूरला खेटे घालायला नकोत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. लोक तिला झीरो एफआयआर म्हणतात. साताऱ्याचं ठाणं ती पुढे पाठवेल. पाटल्या परत येतील असं नाही. पण पावती, वजन, शक्य तर पाटल्या हातात असलेला लग्नातला फोटो आणि बॅगेच्या चिठ्ठीचा उरलेला तुकडा जोडून द्या. त्या घडवणाऱ्या सोनाराकडेही नोंद सापडेल.

झालं पाटल्यांचं. आता ऑक्टोबर.

आपण म्हणतो ‘हातातलं सामान’, पण पुण्याच्या दारापासून न्यूअर्कच्या दारापर्यंत ते हातातून किती वेळा सुटतं ते बोटांवर मोजून बघा. पुण्याच्या तपासणीत एकदा. पुण्याच्या विमानात वरच्या कप्प्यात एकदा. दिल्लीत पुन्हा तपासणी. अमेरिकेच्या विमानाला गेटवर परत एकदा झडती असते, तिथे तिसऱ्यांदा. मग चौदा-पंधरा तासांचं विमान, त्यात झोप, त्यात बाथरूम. वर व्हीलचेअर. माझ्या अनुभवात सामान जातं ते या सुटण्याच्या जागी. बाकी वेळ कोणी हिसकावून नेत नाही.

तपासणीचा ट्रे ही आपल्या बायकांची खास अडचण आहे, आणि पुरुषांना ती समजावून सांगावी लागते. ते दारातून गेले, काठी फिरवली, मोकळे. त्यांचा ट्रे आणि ते एकदमच पलीकडे पोहोचतात. बायकांची रांग वेगळी, तपासणारी एखादीच, आणि झडती पडद्याआड. आपण पडद्याच्या आत हात पसरून उभ्या, आणि पर्स, मोबाइल, बोर्डिंग पास पलीकडच्या रोलरवर लोकांच्या गर्दीत उघडे. मी एका बाईला पडद्यातून मान बाहेर काढून ‘माझी निळी पर्स, माझी निळी पर्स’ असं ओरडताना पाहिलंय. सगळे हसले. मी नाही हसले.

युक्ती अशी की रांगेत आपल्यापुढे दोनच बायका उरेपर्यंत ट्रे पट्ट्यावर सोडायचा नाही. मागचा माणूस ‘मॅडम, ढकला ना’ म्हणेल, त्याला ‘तुम्ही घ्या पुढे’ म्हणायचं. ट्रेमध्ये सुटं काही ठेवायचं नाही. घड्याळ, मोबाइल, पाकीट सगळं आधी बॅगेत जाऊ दे, चेन लागू दे, मग बॅग ट्रेमध्ये. दोन ट्रे होत असतील तर चपला-स्वेटरचा पुढे आणि बॅगेचा शेवटी. आणि बॅगेला काहीतरी ठळक बांधा, जुन्या साडीच्या काठाची चिंधीही चालेल. चोर तिला भीत नाही, पण निम्म्या वेळा सामान जातं ते सारख्या दिसणाऱ्या सामानाच्या अदलाबदलीत. माझा सख्खा भाचा पुण्याच्या ट्रेमधून कुणा भलत्याचाच लॅपटॉप उचलून बंगळूरला पोहोचला आणि हॉटेलात पासवर्ड लागेना तेव्हा त्याला पत्ता लागला! ज्याचा होता तो इकडे चोर चोर करत बसला असेल. ट्रेमध्ये काही विसरलं तर आपल्या विमानतळांवर ते बहुधा सीआयएसएफकडे जमा होतं. फोन करण्यात वेळ घालवू नका, जवळ उभ्या असलेल्या वर्दीतल्या माणसाला लगेच सांगा.

व्हीलचेअर घेतलीत हे उत्तम केलंत. दिल्लीचं अंतर मोठं आहे, आणि फलक वाचत धावण्यापेक्षा ढकलणारा पोरगा बरा. फक्त दोन गोष्टी. तो सवयीने तुमची बॅग खुर्चीमागे अडकवतो. ती मांडीवरच घ्या, आणि पट्टा खुर्चीच्या हाताला नाही, तुमच्या मनगटाला. दुसरी गोष्ट, तपासणीपाशी तोच तुमचं सामान ट्रेमध्ये टाकतो आणि तुम्हाला आत सोडून स्वतः कुठेतरी उभा राहतो. तो प्रामाणिकच असतो हो, पण दिवसाला अशा पंधरा आजी ढकलत असतो, तुमची बॅग कुठली हे त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून बॅग ट्रेमध्ये जाताना त्याला दाखवून ‘ही एवढी नजरेत ठेव रे बाळा’ म्हणा. गेटजवळ खुर्च्यांची रांग लावून आजी-आजोबांना तास-तासभर बसवून ठेवतात. डोळा लागायचीच ती जागा. तेव्हा पट्टा एका पायात घालून बसा. अवघडल्यासारखं होतं खरं.

गेटवर पुन्हा कोणी ‘बॅग खाली टाकतो’ म्हणाला तर? म्हणणारच, विमान भरलेलं असलं की म्हणतात. एटीआरसारख्या लहान विमानात तर वरचे कप्पेच इवलेसे, तिथे शिडीपाशीच बॅगा घेतात. यासाठी घरूनच बॅगेच्या आत बॅग करून ठेवायची. चाकाच्या बॅगेत अगदी वर एक कापडी पिशवी, आणि त्यात पासपोर्ट, औषधं, चष्मा, पैसे, मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक. ‘द्या’ म्हटलं की तेवढी पिशवी उचलायची, टाय आवळायचा आणि मग बॅग द्यायची. पॉवर बँक तर काढावीच लागते, सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात चालत नाहीत. हा नियम तुमच्या फायद्याचा आहे: ‘थांबा, यात पॉवर बँक आहे’ म्हटलं की तो मुलगा स्वतःच दोन पावलं मागे सरतो आणि तुम्हाला सगळं शांतपणे काढून घेता येतं. गर्दीत ‘यात सोनं आहे’ असं मोठ्याने सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता विमानाच्या आतलं. यावर लोकांचा विश्वास बसत नाही. बंद विमानात चोर पळणार कुठे, असं वाटतं. त्याला पळायचंच नसतं. मे 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी एकाला पकडलं. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे त्याने वर्षभरात सुमारे 200 विमानप्रवास केले होते, आणि ते वरच्या कप्प्यातल्या हँडबॅगांमधून दागिने काढण्यासाठी. तिकीट काढून, नीटनेटके कपडे घालून! सावज म्हणून तो वयस्कर बायका हेरायचा. तक्रारींपैकी एक हैदराबाद-दिल्ली विमानातली होती, साधारण 7 लाखांच्या दागिन्यांची. दुसरी अमृतसर-दिल्ली, अमेरिकेत राहणाऱ्या बाईची, 20 लाखांची. काही ना काही कारण सांगून तो सावजाजवळची जागा मागून घ्यायचा, आणि सगळे सामान वर ठेवण्याच्या गडबडीत असताना त्याचा हात कप्प्यात असायचा. त्या वेळी प्रत्येकाचाच हात कप्प्यात असतो, कोण कोणाकडे बघतो? तिकिटं त्याने मेलेल्या भावाच्या नावावर काढली होती.

ताई, तुमचा पुणे-दिल्ली टप्पा नेमका असाच आहे. लोक पंधरा तासांच्या मोठ्या विमानाची धास्ती घेतात आणि आधीच्या दोन तासांत निर्धास्त राहतात.

हाँगकाँग आणि सिंगापूरकडे पकडलेल्या चोरांची पद्धत थोडी वेगळी, लांबच्या विमानातली. दिवे मंद झाले, लोक झोपले की उठायचं, दुसऱ्याची बॅग आपलीच असल्यासारखी काढायची, आपल्या जागेवर नेऊन मांडीवर उघडायची, नोटांच्या पुडक्यातल्या काही नोटा काढायच्या, सगळ्या नाही, आणि बॅग पुन्हा जागच्या जागी. पाकीट हाताला लागतं म्हणून मालक बघतच नाही. मोजतो तो दोन दिवसांनी.

म्हणून कप्प्याचा माझा नियम ऐका. बॅग आपल्या डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, ती बसल्यावर दिसतच नाही. मधल्या वाटेच्या पलीकडच्या, आपल्यापेक्षा एक-दोन रांगा पुढच्या कप्प्यात ठेवायची. तो उघडला की मान न वळवता दिसतं. बॅग चेनची बाजू आत, भिंतीकडे करून ठेवायची. आणि जे महत्त्वाचं ते वर ठेवायचंच नाही, पायाशी पुढच्या सीटखाली. आणीबाणीच्या दाराशेजारची किंवा अगदी पहिली रांग पाय पसरायला छान म्हणून कोणी सुचवेल, तर नको म्हणा. तिथे पायाशी काही ठेवू देत नाहीत, सगळं वर जातं. कोणी तुमच्या बॅगेला हात लावलाच तर संकोच करू नका, ‘अहो, ती बॅग माझी आहे’ असं चांगलं खणखणीत मराठीत म्हणा. भाषा कळायची गरज नसते, सूर कळतो. सभ्य माणूस ‘सॉरी’ म्हणून सरकवून ठेवतो, दुसऱ्या जातीचा गप्प बसतो.

आणि विमान उतरायला लागायच्या आधी, खाऊचे ट्रे गोळा होत असताना, एकदा हात घालून मोजून घ्या. काही गेलंय असं दिसलं तर बटण दाबून तिथेच सांगा. केबिन क्रू कोणाच्या खिशात हात घालणार नाही, पण कॅप्टन खाली कळवू शकतो आणि दार उघडताना पोलीस हजर राहू शकतात. विमानात गुन्हा करणाऱ्याला उतरल्यावर ताब्यात देण्याचा अधिकार कॅप्टनला 1963 च्या टोकियो करारापासून आहे. दार उघडलं आणि दोनशे-तीनशे लोक पांगले की मग काही खरं नाही.

मुलगा बहुतेक तुम्हाला एअरटॅग आणून देईल. घ्या, घाला बॅगेत. बॅग चुकली तर कुठल्या गावी बसली आहे ते त्यावर दिसतं. पण बॅगेतून तोडे निघाले आणि बॅग तुमच्यापाशीच राहिली, तर तो टॅग तुम्हाला बॅग सुखरूप असल्याचंच सांगत राहील.

मग तोडे न्यायचे कसे? आपल्या आज्या पंढरपूरला जाताना पैसा गाठोड्यात बांधत नसत, कनवटीला लावत. मी त्याहून शहाणं काही शिकलेले नाही. डोहाळजेवणात घालून मिरवायचे म्हणून जे दागिने नेणार असाल ते सगळे घरी ठेवा, त्यासाठी एक ग्रॅमचे दागिने पुरतात, फोटोत कोणाच्या बापाला कळत नाही. न्यायचे ते फक्त तोडे. साडी नेसणार असाल तर परकराला आतून चेनचा खिसा शिवून घ्या. पंजाबी ड्रेस असेल तर सलवारीच्या नाडीत ओवता येईल असा सपाट बटवा. दोन्ही तोडे एकत्र वाजतात, मध्ये मऊ फडकं घाला. काठी फिरवली की तपासणारीला कळणारच. पडद्याआड तिला काढून दाखवा, तिने बघितले की तिथेच परत आत. त्या ट्रेमध्ये सुटे ठेवू नका, कोणी कितीही घाई केली तरी. काढायलाच लावले तर बॅगेच्या आतल्या कप्प्यात घालून, चेन लावून मगच पट्ट्यावर.

निघण्याआधी तोड्यांचे फोटो काढा, वजनाच्या काट्यावर ठेवूनही एक. पावती जुनी असेल किंवा नसेलच, तर सोनाराकडून वजनाची आणि किमतीची चिठ्ठी करून घ्या. तुमच्या अंगावरचे, परत आणायचे दागिने जास्त असतील तर जाताना कस्टमकडून तसा दाखला घेता येतो, म्हणजे येताना ‘हे तिकडून घेतलं का’ हा प्रश्न राहत नाही. तोडे मात्र तिकडे द्यायचे आहेत, म्हणजे ती भेट झाली. न्यूअर्कच्या कस्टमने विचारलं तर तसंच आणि खरं सांगा. मुलाला आधी नियम बघून ठेवायला लावा, त्यालाही काहीतरी काम.

राहिला शेजाऱ्यांचा डबा. पत्रात तुम्ही तो शेवटी, जाता जाता लिहिलात, पण मला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच वाटते. सामानातून काही काढलं जातं तसं सामानात काही घातलंही जातं. 2019 मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला फिरायला गेलं. नात्यातल्या बाईने एक पुडकं दिलं होतं, तंबाखू आहे म्हणून. निघालं चार किलोच्या आसपास चरस. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, मुलगी तुरुंगात जन्मली. मुंबईत तपास होऊन पुरावे तिकडे पोहोचले तेव्हा 2021 मध्ये ते निर्दोष सुटले. 2023 मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला शारजात अटक झाली होती. ऑडिशनला लागेल म्हणून तिच्या हाती दिलेल्या ट्रॉफीत अमली पदार्थ होते. तीही निर्दोष ठरली, पण तुरुंगातले दिवस कोण भरून देणार?

चेक-इनच्या बॅगेबाबत तर याहून वाईट झालंय. मार्च 2023 मध्ये साओ पाउलोहून फ्रँकफर्टला निघालेल्या दोन ब्राझिली बायकांच्या बॅगांच्या चिठ्ठ्या विमानतळावरच काढून कोकेन भरलेल्या दुसऱ्या बॅगांना लावल्या गेल्या. ज्या बॅगा त्यांनी कधी पाहिल्याही नव्हत्या त्यांच्यासाठी त्या 38 दिवस जर्मनीच्या तुरुंगात होत्या. म्हणून काउंटरवर मोठी बॅग देताना चिठ्ठी लावलेल्या बॅगेचा फोटो घ्या, काट्यावरचा आकडा दिसेल असा.

शेजारी तसे नाहीत, मला मान्य आहे. त्यांच्या मुलासाठी आईने केलेलं मेथकूट असेल, नाहीतर भाजणी. पण डबा चिकटपट्टीने गुंडाळून आला असेल तर तो तसाच नेऊ नका. त्यांच्यासमोर, चहा टाकून, ‘वहिनी, आजकाल फार विचारतात हो, मी आपली माझ्या बरणीत भरून घेते’ असं म्हणून उघडा आणि स्वच्छ प्लॅस्टिकच्या बरणीत ओता. चाळणीतून गेलं तर आणखी छान. मग ती बरणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या नको. अमेरिकेच्या विमानात 350 मिलिलिटरहून जास्त पूड हातात असली की ती वेगळी काढून तपासतात, नाहीतर राहू देतात इथेच. लोणचं असेल तर तेही खालीच, तेल आहे म्हणून.

वहिनींना राग आला तर माझं नाव सांगा. आणि मेथकूटच निघालं तर दोन चमचे घरी काढून ठेवायला विसरू नका.